निमित्त

जर्मनीहून परत आलो त्या गोष्टीला आता दीड वर्ष होत आले. आलो तेव्हा आठवडाभर आमच्या ओसरीवर माणसांची रीघ लागली होती. ज्याने आयुष्यात हैदराबादच्या पलीकडे पाऊल टाकले नाही, असा वसमतचा एक निवृत्त विज्ञानशिक्षक विमानात बसून युरोपात जाऊन येतो, ही काही आमच्या गल्लीला लहानसहान गोष्ट नव्हती. जो येई तो खुर्चीवर टेकायच्या आत विचारी, "मग सर, काय काय पाहिलंत?" मी सांगू लागे. उंच मनोरा सांगे, डॅन्यूब नदी सांगे, आइन्स्टाईनचे जन्मस्थान सांगे. ऐकणाऱ्याचे डोळे मोठे होत आणि चहा निवून जाई.

गंमत अशी की मी गेलो होतो एका लग्नाला. त्या लग्नाविषयी विचारणारे सबंध गल्लीत एकच माणूस निघाले, ते म्हणजे नवऱ्या मुलाची आई. तिने मनोरा विचारला नाही, नदी विचारली नाही. ती म्हणाली, "भाऊजी, अक्षता येळेवर टाकल्या ना?"

मी म्हणालो, "टाकल्या."

या एका शब्दाचा हिशेब आज मला द्यायचा आहे. दिवाळीच्या फराळाशेजारी असला कबुलीजबाब मांडणे शोभत नाही, हे मला कळते. पण दिवाळीआधी आपण घरातले कानेकोपरे झाडतो, माळ्यावरची जळमटे काढतो. तेव्हा मनातला एखादा कोपराही झाडून घ्यावा, असे म्हणून वाचकांनी क्षमा करावी.

आपल्याकडे लग्नाला जाणे म्हणजे कधी नुसते लग्नाला जाणे नसते. नाशिकला लग्न निघाले की त्र्यंबकेश्वर आलेच. कोल्हापूरला निघाले की अंबाबाई आली आणि पन्हाळाही आला. माझे आजोबा लग्नपत्रिका हाती पडली की वधूवरांच्या नावांआधी गावाचे नाव वाचीत. "परळीला आहे होय? मग वैजनाथही होऊन जाईल!" आणि पत्रिका तिथल्या तिथे मंजूर होई. यात मला कधी वावगे वाटले नाही. उलट त्यात मध्यमवर्गीय संसाराचा शहाणपणाच दिसे. भाडे एकदाच भरायचे आणि आहेर देऊन वर देवदर्शनही पदरात पाडून घ्यायचे. या व्यवहाराला मराठीत एक फार सोयीचा शब्द आहे. ‘लग्नाच्या निमित्ताने गाव पाहून होईल,’ असे आपण म्हणतो.

‘निमित्त’ हा शब्द आपण सुपारीसारखा तोंडात टाकतो. पण आपल्या दर्शनकारांनी तो फार तोलून वापरला आहे. त्यांचे आवडते उदाहरण मडक्याचे. मडके मातीचे होते, म्हणून माती हे त्याचे उपादानकारण. ते घडवतो कुंभार, म्हणून कुंभार हे निमित्तकारण. मडके भाजून तयार झाले की कुंभार आपल्या वाटेने जातो. माती मात्र मडक्यातच राहते. कारण कोणते आणि निमित्त कोणते हे ओळखायची इतकी सोपी खूण दुसरी नाही. काम झाल्यावर जे बाजूला होते ते निमित्त, आणि जे आत उरते ते उपादान.

आता ही खूण आपल्या वाक्याला लावून पाहा. ‘लग्नाच्या निमित्ताने गाव पाहिले.’ म्हणजे गाव ही माती झाली, आणि लग्न हा कुंभार झाला. काम संपल्यावर त्याने बाजूला व्हायचे! दोन माणसांनी आपल्या आयुष्यातल्या एका दिवशी आपल्याला आठवणीने बोलावले, आणि आपण तो दिवस चाकासारखा फिरवून भिंतीला टेकवून ठेवला. असे करावे काय? आमच्या आजोबांना हा प्रश्न कधी पडला नाही. मलाही साठी उलटेपर्यंत पडला नव्हता. तो पडला उल्म नावाच्या गावी, एका मनोऱ्याच्या जिन्यात.

पण त्याआधी नवऱ्या मुलीविषयी सांगितले पाहिजे.

नवरा मुलगा आमच्या शेजारचा. शाळेत माझा विद्यार्थी होता, पुढे बुद्धिबळाच्या पटावर मित्र झाला, आणि इंजिनिअर होऊन उल्मला नोकरीला लागल्यावरही दर रविवारी फोनवर एक डाव टाकायला चुकला नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत त्याच्या धाकट्या बहिणीचे लग्न निघाले, तेव्हा तो आपल्या उल्मच्या मैत्रिणीला बरोबर घेऊन आला. त्यांच्या घरात पाहुण्यांची दाटी, म्हणून तिची राहण्याची सोय आमच्याकडे केली होती. परदेशातून आलेले माणूस! हिंगोली जिल्ह्याची सारी अब्रू आता माझ्या हाती आहे, असे मला वाटू लागले. मी रात्री बसून यादी केली. औंढा नागनाथ, संत नामदेवांचे नरसी, शिरड शहापूरचे मल्लिनाथ जैन मंदिर, सिद्धेश्वर धरण. आणि औंढ्याजवळचे दुधाळा.

दुधाळ्यात तेव्हा पाहण्यासारखे म्हणाल तर माळरानच होते. पण तेथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारायची ठरली आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तिला तत्त्वतः होकार दिला होता, आणि पुढे २०२३ च्या एप्रिलमध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली. एकमेकांना काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, त्यांतून धावणारा लेसरचा किरण, आणि आइन्स्टाईनने १९१६ मध्ये गणिताने सांगितलेल्या लहरींची चाहूल. हे मी तिला मोठ्या अभिमानाने सांगितले, तर ती हसू लागली. "सर, आइन्स्टाईन तर आमच्या गावी जन्मला!" त्या क्षणी वसमत आणि उल्म यांची जणू सोयरीकच जुळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी केली आणि पाहुणीला शोधू लागलो. ती शेजारच्या अंगणात सुवासिनींच्या घोळक्यात बसून हळद फोडत होती. हळद काढणीचे दिवस. शिवारात जागोजागी कुकर लावून हळद शिजत होती, आणि त्या वाफेचा उग्र, ओला वास गावापर्यंत येत होता. आमची वसमतची हळद नामांकित. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मी काही पाहुणीला हळकुंडे दाखवायला गाडी मागवली नव्हती. मी म्हटले, "चला, औंढ्याला जाऊन येऊ." ती म्हणाली, "आज हळद आहे." "मग उद्या?" "उद्या लग्न आहे." मी म्हटले, "लग्न गोरज मुहूर्तावर आहे. सकाळी निघालो तर दुपारी परत येऊ." परीक्षेच्या दिवशी सर्कशीला चला म्हणणाऱ्या मास्तरकडे पोराने पाहावे तसे तिने माझ्याकडे पाहिले. मग पिवळे हात वर करून साध्या इंग्रजीत म्हणाली, "सर, मी लग्नाला आले आहे."

खरे सांगायचे तर मी थोडा खट्टू झालो. यादी खिशातच राहिली. परत जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही कसेबसे औंढ्याला पोचलो, तेव्हा दिवस कलला होता. खालच्या भिंतींवरचे ते काळ्या पाषाणातले कोरीव हत्ती आणि देवदेवता, वरचे नंतरच्या काळातले शिखर, जमिनीखालच्या गाभाऱ्यात वाकून उतरण्याची ती अरुंद वाट, हे सारे अर्ध्या तासात उरकावे लागले. नंदी मागच्या बाजूला का, असे तिने विचारले. तेव्हा मी तिला आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक असलेली कथा सांगितली. नामदेव देवळासमोर कीर्तन करीत होते. पुजाऱ्यांनी त्यांना हाकलून मागे जायला लावले. नामदेव मागे गेले आणि तिथे गाऊ लागले. तर देऊळच फिरले आणि त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. नंदी मात्र होता तिथेच राहिला.

तिने जरा वेळाने विचारले, "म्हणजे नामदेव देऊळ बघायला आले नव्हते?"

मी म्हटले, "छे! ते गायला आले होते."

ती काही बोलली नाही. नंदीजवळच्या फरशीवर बसून राहिली. मला तो प्रश्न तेव्हा भाबडा वाटला होता.

दोन वर्षांनी, २०२५ च्या मे महिन्यात, या दोघांचे लग्न उल्मला ठरले. मुलाच्या वडिलांचे नुकतेच हृदयाचे ऑपरेशन झालेले. डॉक्टरांनी लांबच्या विमानप्रवासाला सक्त मनाई केली. त्यांना एकटे टाकून आई जाईना. तेव्हा दोघेही संध्याकाळी आमच्याकडे आले आणि म्हणाले, "आमच्या जागी तुम्ही उभे राहा." तिकीट त्यांनीच काढले. निघताना वहिनींनी कापडाची एक पुरचुंडी हातात दिली. आत घरच्या हळदीत रंगवलेल्या अक्षता. "तिकडं कोणी सावधान म्हणणार नाही, भाऊजी. तुम्हीच मनातल्या मनात म्हणा. अन् अक्षता तेवढ्या येळेवर टाका."

उल्म हे डॅन्यूबच्या काठचे टुमदार गाव. नदीच्या अलीकडे उल्म, पलीकडे नवे उल्म. आणि मधल्या पाण्यातून दोन राज्यांची हद्द जाते. जुन्या कोळीवाड्यात पाण्याच्या पाटावर वाकलेली लाकडी चौकटींची घरे आहेत, त्यांतले एक तर इतके कललेले की आपण त्याला हात द्यावा असे वाटते. गावभर चिमण्यांच्या आकृती. त्यांची कथा मला पहिल्याच दिवशी ऐकवण्यात आली. फार पूर्वी बांधकामासाठी एक लांबलचक तुळई गावात न्यायची होती. लोकांनी ती गाडीवर आडवी घातलेली, त्यामुळे वेशीतून जाईना. वेस पाडायची वेळ आली. एवढ्यात एक चिमणी चोचीत काडी घेऊन आली, आणि भिंतीतल्या फटीत ती काडी तिने टोकाकडून सरळ आत सरकवली. तेव्हा कुठे गावकऱ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला! स्वतःच्या आडमुठेपणाची गोष्ट गावाने मानचिन्ह म्हणून मिरवावी, हे मला फार आवडले. आपण काही इतके आडमुठे नव्हे, असेही त्या दिवशी मनात येऊन गेले.

लग्नाच्या आदल्या रात्री तेथे चिनीमातीची जुनी भांडी फोडण्याची रीत आहे. आप्तेष्ट येतात, दारात बशा-पेले आपटतात, आणि नवरानवरीने मिळून ते तुकडे झाडून काढायचे. फुटलेल्या तुकड्यांनी भाग्य येते म्हणतात. काच मात्र फोडायची नाही. मीही एक बशी फोडली. आपल्याकडे कप फुटला तर घरात सुतक येते. इथे लोक टाळ्या वाजवत होते.

लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला होते. जर्मनीत १८७६ पासून सरकारी अधिकाऱ्यासमोर झालेला विवाह हाच कायद्याने विवाह. देवळातला विधी ज्याच्या त्याच्या हौसेचा. अधिकारी चार शब्द बोलतो, दोघांना विचारतो, दोघे होकार देतात, सही करतात. वीस-पंचवीस मिनिटांचे काम. सकाळी घरात इस्त्र्यांची आणि फुलांची धांदल चाललेली. मी म्हटले, "मी जरा फिरून येतो आणि थेट कचेरीत पोचतो. रस्ता मला कळला आहे." मुलगा म्हणाला, "सर, नक्की?" मी म्हटले, "अरे, तीन फर्लांग तर आहे." अक्षतांची पुरचुंडी कोटाच्या खिशात होती. मोबाइल घरी चार्जिंगला राहिला.

आधी मी स्टेशनकडच्या रस्त्यावर गेलो. १४ मार्च १८७९ रोजी जिथे आइन्स्टाईन जन्मला ते घर आता नाही. महायुद्धातल्या बाँबफेकीत ते पडले. तिथे दगडांचे एक स्मारक आहे. तो वर्षाचा झाला तोच कुटुंब म्युनिकला गेले, म्हणजे या गावाशी त्याचा संबंध तसा पाळण्यापुरताच. तरी ज्याने पस्तीस वर्षे खडूने त्याची समीकरणे फळ्यावर लिहिली, त्याचे पाय तिथून लवकर हलेनात. मग मान वर केली तर छपरांवरून मनोरा दिसत होता.

त्या चर्चचा मनोरा १६१.५३ मीटर उंच आहे. मी गेलो तेव्हा तो जगातला सर्वांत उंच चर्चमनोरा होता. १८९० पासून तो मान त्याच्याकडे होता. पुढे पाचच महिन्यांनी, ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस, बार्सिलोनाच्या सग्रादा फमिलिआने तो मान घेतला. वरच्या सज्जापर्यंत ७६८ पायऱ्या. मी घड्याळ पाहिले. दहा वाजून काही मिनिटे झाली होती. मनाने हिशेब केला. एवढ्या लांब आलो आहे, उद्या बाहेरगावी जायचे आहे, परवा विमान. वर जायला अर्धा तास, उतरायला वीस मिनिटे. दोन्ही होईल.

वाचकहो, ‘दोन्ही होईल’ हे दोन शब्द जपून उच्चारा. माझा अनुभव असा की माणूस वाईट हेतूने फार थोड्या वेळा चुकतो. दोन्ही होईल या हिशेबाने मात्र पुष्कळदा चुकतो.

दगडी गोल जिना, जेमतेम एका माणसापुरता. मी अगदी टोकापर्यंत गेलो नाही, पण पुष्कळ वर गेलो. एका सज्जात थांबलो. खाली लाल कौलांची छपरे, पलीकडे नदीची चंदेरी दोरी, आणि दूर क्षितिजावर आल्प्सची पुसट रेघ. वारा भन्नाट. असे मी उभ्या जन्मात पाहिले नव्हते, आणि ते पाहिल्याचा आनंद झाला नाही असे म्हणालो तर ते दुसरे खोटे होईल. मी त्या वाऱ्यात किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. घड्याळाचे ठोके पडले तेव्हा भानावर आलो. अकरा! घाईने जिन्यात शिरलो, तर पुढे शाळेतल्या मुलांची एक लांबलचक रांग. ती पोरे पायरीपायरीवर थांबून भिंतीवरची नावे वाचत होती. त्यांना ओलांडायला जागा नाही, आणि ‘बाजूला व्हा’ म्हणायला भाषा नाही. शंभर पायऱ्या झाल्या, दोनशे झाल्या. एका झरोक्यातून खालचा चौक दिसला, इतका जवळ की अक्षता टाकल्या असत्या तर तिथे पडल्या असत्या.

रामदासांची कथा आपल्याला ठाऊक आहे. ‘सावधान’ हा शब्द ऐकला आणि ते बोहल्यावरून पळाले. तेही आमच्या मराठवाड्याचेच, जांबचे. मी त्यांच्या उलट. मी पळालो आणि तो शब्द मला ऐकूच आला नाही.

कचेरीशी पोचलो तेव्हा पावणेबारा वाजून गेले होते. बाहेर रस्त्यावर मंडळी गोळा झाली होती. दोन घोडींवर लाकडाचा जाड ओंडका ठेवला होता, आणि नवरानवरी एका मोठ्या करवतीची दोन टोके धरून तो कापत होती. तीही तिथली रीत. संसारातले पहिले काम दोघांनी मिळून करायचे. एकाने ओढायचे, तेव्हा दुसऱ्याने सोडायचे. भुसा उडत होता, लोक हसत होते. सगळे झाले होते. मुलाने मला पाहिले. करवत हातात तशीच धरून तो म्हणाला, "सर, दमलात का? पाणी घ्या आधी." तिने कपाळावरचा घाम पुसून विचारले, "मनोरा पाहिलात?" त्या विचारण्यात टोमणा असता तर बरे झाले असते. पण तिला खरेच आनंद झाला होता. तिच्या गावातली गोष्ट मी पाहिली म्हणून.

त्या दुपारभर मी मनाशी वाद घालत होतो. समजा, मी वेळेवर पोचलो असतो, तर काय फरक पडला असता? सह्या माझ्यावाचून झाल्याच की नाही? विवाह कायदेशीर झालाच की नाही? तर्काने पाहिले तर माझ्या हजेरीचा उपयोग शून्य होता. पण अक्षतेच्या दाण्याचाही तर्काने उपयोग शून्यच आहे. माणूस माणसाला लग्नाला बोलावतो तो काही कामासाठी नव्हे. त्याला वाटते, या घटकेला आपली माणसे आपल्याकडे पाहत असावीत. तेवढेच एक देणे आहे, आणि ते नंतर देता येत नाही. पैसे उशिरा फेडले तर व्याज लावून फेडता येतात. हजेरी मागाहून व्याजासकट भरायची सोय नाही. त्यातही मी माझ्यासाठी गेलो नव्हतो. मी दोन म्हाताऱ्या जिवांचे डोळे उसने घेऊन गेलो होतो, आणि ते डोळे मी छपरे पाहण्यात खर्च केले.

विज्ञानशिक्षकाला तर ही चूक अधिकच लाजिरवाणी. लायगोची गोष्ट मी मुलांना किती वेळा रंगवून सांगितली होती! दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली, त्याची लहर सुमारे एकशेतीस कोटी वर्षे प्रवास करीत निघाली, आणि १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या यंत्रांत तिची खूण उमटली ती सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा. यंत्रे त्या वेळी नुकतीच जागी झालेली; ठरलेले निरीक्षण अजून सुरूही व्हायचे होते. मी मुलांना म्हणत असे, "बाळांनो, इतक्या दुरून आलेला पाहुणा, आणि थांबला इतकाच. यंत्र बेसावध असते तर?" मास्तरचा धडा मुलांना कळला असेल, मास्तरला कळायला उल्मला जावे लागले.

संध्याकाळी नदीकाठच्या एका खानावळीत जेवण होते. माझी खुर्ची मुलीच्या आजीशेजारी होती. पंचाऐंशीच्या पुढची, काटक, डोळे निळे. मधे बसून नात दुभाषाचे काम करीत होती. आजीने विचारले, "वरून काय दिसले?" मी छपरे, नदी, डोंगर सांगितले. ती म्हणाली, "मी कधी वर गेले नाही." मला हसू आले. आमच्याकडेही औंढ्याच्या वाटेवर जन्म काढून आत न गेलेली माणसे आहेत. पण मग ती सांगू लागली. १७ डिसेंबर १९४४ च्या रात्री बाँबफेक झाली तेव्हा ती पाच वर्षांची होती, तळघरात. जुन्या गावाचा बहुतेक भाग त्या रात्री गेला. शेकडो माणसे गेली. सकाळी आई तिचा हात धरून वर आली, तर रस्ते राहिले नव्हते. कोपरे नव्हते, दुकाने नव्हती. धुरात एक मनोरा तेवढा उभा होता. "आईने मनोऱ्याकडे पाहिले, मग पावले मोजली, आणि आमचे घर इथे होते असे तिने सांगितले."

एवढे बोलून आजी सूप पिऊ लागली.

मी मनोऱ्याचा सारा इतिहास वाचून गेलो होतो. १३७७ मध्ये गावातल्या लोकांनी आपल्या पैशाने पाया घातला. १५४३ मध्ये काम थांबले. १८४४ मध्ये पुन्हा धरले आणि १८९० मध्ये पुरे केले. ज्यांनी पाया खणला त्यांना कळस दिसणार नाही हे ठाऊक होते, हेही मी टिपून ठेवले होते. पण तो मनोरा त्या गावाचा कोण लागतो, हे मला सकाळी सज्जात उभे राहून कळले नव्हते. ते संध्याकाळी ताटावर कळले, आणि तेही मी लग्नाचा पाहुणा म्हणून त्या खुर्चीवर बसलो होतो म्हणून. प्रवाशाला ही गोष्ट कोणी सांगितली नसती.

तेव्हा औंढ्याचे देऊळ मला आठवले. देऊळ पाहायला गेलेल्या माणसाकडे देऊळ पाठ करूनच उभे असते. जो आपल्या कामासाठी, आपल्या माणसांसाठी जातो त्याच्याकडे ते हळूच तोंड फिरवते. त्या मुलीने वसमतला औंढा अर्धा तास पाहिला, पण आज तिला हळदीची गाणी येतात. मी तिला भाबडी समजत होतो! तुळई मीच आडवी घातली होती. पाहणे वाईट नाही. लग्नाच्या गावी देव करावा, डोंगर चढावा, नदी पाहावी. फक्त माती कोणती आणि कुंभार कोण, एवढे घराबाहेर पडताना मनाशी ठरलेले असावे.

जेवणाच्या मध्येच मी उठलो. पुरचुंडी सोडली. चाळीस जर्मन माणसे चमचे खाली ठेवून माझ्याकडे पाहत होती. मी ‘शुभमंगल सावधान’ म्हणालो, आवाज चिरकला, आणि अक्षता टाकल्या. चार दाणे आजीच्या सुपात पडले. तिने एक दाणा बोटावर घेतला, त्याचा पिवळा डाग पाहिला, आणि नातीला काही विचारले. नात म्हणाली, "वसमत."

म्हणजे ‘टाकल्या’ हे काही अगदीच खोटे नव्हते. धर्मराजही काही अगदीच खोटे बोलला नव्हता. पण त्याचा जमिनीवरून चार बोटे वर चालणारा रथ खाली टेकला. माझा रथ आधीच जमिनीवर. तो दीड वर्ष चिखलात रुतून बसला होता. वहिनींनी पुन्हा कधी विषय काढला नाही. मीही काढला नाही. संक्रांत गेली, पाडवा गेला.

परवा त्यांच्याकडे दिवाळीचे तळण चालले होते. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो आणि म्हणालो, "वहिनी, अक्षता वेळेवर टाकल्या नाहीत. मी मनोऱ्यावर होतो."

करंजी कढईत सोडत त्या म्हणाल्या, "ठाऊक हाय की. पोराच्या साळीनं मोबाइलवर समदं दाखवलं. आम्ही दोघं हितं बसून बघत होतो. तुमची खुर्ची रिकामी दिसली."

हजारो मैलांवरून त्या हजर होत्या, आणि मी तीन फर्लांगांवरून गैरहजर! माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी म्हटले, "मग आल्यावर मला विचारलंत कशाला?"

"म्हटलं, तुम्हाला सांगायचं असंल."

झाऱ्याने करंज्या उलटल्या. थोडा वेळ नुसता तेलाचा आवाज. मग त्यांनी एका ताटलीत दोन करंज्या काढून माझ्यापुढे सरकवल्या, पदराने हात पुसले, पाट ओढून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "हं, भाऊजी. आता सांगा. त्या मनोऱ्यावरनं काय काय दिसलं?"